नकलेचं इमान

शंकेखोर: माझा आक्षेप दुर्बिणीच्या आधीपासूनच सुरू होतो. तुम्ही जी रायफल उभी करताय ती अमेरिकी सैन्याची एम1903ए4 नाही, तिच्यासारखी दिसणारी आहे. युद्धकाळातली एक साधी एम1903ए3, म्हणजे 03-ए3, घ्यायची, तिची मागची साइट उतरवायची, बोल्टचा दांडा वाकवून घ्यायचा, वर दुर्बीण चढवायची आणि तिला दुसऱ्या महायुद्धातली स्नायपर रायफल म्हणायचं. त्याला माझी हरकत नाही, हौसेला मोल नसतं. पण रायफलच नक्कल आहे हे एकदा मान्य केलं, की तिच्यावर ऐंशी वर्षांपूर्वीची दुर्बीण बसवायचा हट्ट मला कळत नाही. आतल्या काचा धुरकटलेल्या, पावसात दमट होणारी, बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस शोधत फिरावं लागेल अशी वस्तू. त्याच मापाची, त्याच रूपाची नवी दुर्बीण बाजारात मिळते. ती धुकं धरत नाही, झिरो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, धरून ठेवते. नकलेवर नक्कल बसवली तर बिघडलं कुठे? आणि पैसे जुन्यालाच घालायचे तर अस्सल ए4 च घ्या. मधल्या मध्ये अर्धं अस्सल, अर्धं नकली असं काहीतरी जमवण्यात काय साधतं?

हौशी: तुम्ही अस्सल आणि नक्कल यांच्यात जी रेघ ओढता, ती याच रायफलीच्या बाबतीत फार पुसट आहे. म्हणून तर मी हिच्यात पडलो. 1942 संपता संपता सैन्याला स्नायपर रायफल तातडीने हवी होती आणि नवीन काही आखायला उसंत नव्हती. रेमिंग्टन कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनच्या कारखान्यात 03-ए3 रायफली बनवत होतीच. त्याच साच्यात 1943 आणि 1944 मध्ये 28 हजारांहून थोड्या जास्त ए4 तयार झाल्या. साइट बसवल्याच नाहीत, बोल्टचा दांडा दुर्बिणीला अडणार नाही असा वाकवून कोरला, आणि वर जे माउंट बसलं ते रेडफील्ड कंपनीचं 'ज्युनियर'. हे माउंट सैन्यासाठी आखलेलं नव्हतं, हरणांची शिकार करणारे लोक ते दुकानातून विकत घेत. दुर्बिणीची कथा तीच. पहिली पसंती लायमन कंपनीच्या 'अलास्कन'ला होती, सैन्याने तिला एम73 हे नावही देऊन ठेवलं. पण तिच्या काचा बाउश अँड लोम्बकडून यायच्या आणि युद्धाच्या धामधुमीत त्या पुरेशा मिळेनात. तेव्हा टेक्सासमधल्या एल पासोच्या वीव्हर कंपनीची 330 घेतली. पावणेतीन पट मोठं दाखवणारी, पाऊण इंची पोलादी नळीची, तीही शिकाऱ्यांचीच. सैन्यात तिचं नाव झालं एम73बी1. सुरुवातीच्या काही रायफलींवर तर कंपनीच्या नेहमीच्या छापाच्याच दुर्बिणी गेल्या. आता सांगा, 1942 साली एखाद्या शिकाऱ्याने विकत घेतलेली वीव्हर 330 आज मी माझ्या रायफलीवर बसवली, तर ती नक्कल कशी? वस्तू तीच आहे. ती फक्त भरती झाली नव्हती.

शंकेखोर: हा मुद्दा तुमच्या बाजूने जितका जातो त्याहून जास्त माझ्या बाजूने जातो. सैन्याने काय केलं? फळीवर जे तयार होतं त्यातलं चांगलं आणि लवकर मिळणारं उचललं. त्यांना जुन्याचं प्रेम नव्हतं. अलास्कन मिळेना तेव्हा ते वीव्हरवर गेले, आणि वीव्हरपेक्षा बरं काही हाती आल्यावर तिलाही त्यांनी मागे टाकलं. मग आज फळीवरून चांगली दुर्बीण उचलणारा माणूसच त्यांच्या वाटेने चालतो ना? 1945 मध्ये एम84 आली. सव्वादोन पटींच्या जवळपासची, पण पाणी आणि धुकं आत शिरणार नाही अशी बंद केलेली. युद्धानंतर कित्येक ए4 रायफलींवरची वीव्हर काढून हीच बसवली गेली आणि तशा रायफली कोरियाच्या युद्धात गेल्या. म्हणजे ज्या सैनिकांच्या नावाने तुम्ही धुरकट काच सांभाळता, त्यांनीच ती काच पहिल्या संधीला बदलली.

हौशी: एम84 चा मुद्दा मला मान्य आहे, पूर्णपणे. फक्त त्यातून निघतं ते वेगळं. नक्कल करणाऱ्याने आधी तारीख ठरवली पाहिजे. 1944 च्या उन्हाळ्यातली इटलीतली रायफल करायची असेल तर वीव्हर. 1951 ची कोरियातली करायची असेल तर एम84, आणि ती पाऊण नव्हे तर सात-अष्टमांश इंची नळीची, म्हणून तिच्या रिंगाही वेगळ्या. या दोन्ही रायफली खऱ्या होत्या. कोरियाची रायफल करणाऱ्या माणसाला मी उलट सांगेन की तुमची निवड शहाणपणाची आहे, दुर्बीण जास्त टिकाऊ आहे आणि काचही उजळ मिळते. पण 1944 चं लाकूड, 1951 ची दुर्बीण आणि कालपरवाचं माउंट असं एकत्र केलं की ती कुठल्याच दिवशीची रायफल राहत नाही. लोकांची मोठी फसगत इथेच होते. 1998 चा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा सिनेमा पाहून कितीतरी जणांना त्यातल्या नेमबाजाच्या रायफलीवरची लांबलचक दुर्बीण हवी असते. ती उनर्टल कंपनीच्या धाटणीची, आठ पटींची, आणि तिचं घर मरीन कोअरच्या एम1903ए1 वर होतं, भूदलाच्या ए4 वर नाही. उनर्टलची चालच निराळी होती. गोळी सुटली की रायफल मागे यायची आणि दुर्बीण माउंटमध्ये पुढे सरकलेली राहायची, दर वेळी हाताने मागे ओढावी लागायची. त्या माणसाची सवय, त्याचा हात, पुढच्या गोळीला लागणारा वेळ, सगळं वेगळं. ती दुर्बीण ए4 वर बसवली तर दिसायला झकास दिसते, पण सांगत काहीच नाही.

शंकेखोर: म्हणजे तुमची नक्कल दिसण्याची नाही, वापराची आहे. हे आधी सांगितलं असतं तर मी दुसरीकडून प्रश्न विचारला असता. भारतात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाने लष्करी रायफल जवळून पाहिली ती पोलिसाच्या खांद्यावरची 'थ्री नॉट थ्री'. तिचीही स्नायपर आवृत्ती होती, नंबर 4 मार्क 1 (टी). तिच्यावरची नंबर 32 दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे निवडक रायफली जायच्या, डाव्या अंगाला दोन बैठका बसायच्या, आणि ब्रॅकेट दोन मोठ्या फिरकीच्या स्क्रूंनी त्यांवर कसलं जायचं. तिथे दुर्बीण आणि रायफल ही जोडी होती. दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या लाकडावर, मनगटाच्या जागी ठोकलेला असायचा, ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर. दुसऱ्या रायफलीवर गेली तर जोडी मोडली. ती रायफल करायला घेतलीत तर काय कराल? बाजारात नवं ब्रॅकेट मिळेल, जुनी नंबर 32 मिळेल, पण ती जोडी कधीच नव्हती. वापरही खोटाच होईल, कारण त्या सैनिकाच्या हातात जुळवून दिलेली गोष्ट होती आणि तुमच्या हातात जमवलेली.

हौशी: आणि म्हणूनच मी ए4 निवडली, 4(टी) नाही. ब्रिटिश रायफलीत जुळणीलाच मान आहे. त्या दोन बैठका अचूक बसवणं हे फार वरच्या कारागिराचं काम होतं, आणि ते साधलं नाही तर ब्रॅकेट कितीही चांगलं असो, उपयोग नाही. ए4 मध्ये जोडी अशी नव्हतीच. रायफलीवर दुर्बिणीचा नंबर नाही. एक वीव्हर खराब झाली की पेटीतून दुसरी काढून त्याच रिंगांत बसवायची आणि पुन्हा झिरो करायची. त्यामुळे या रायफलीचा सगळा भार येतो माउंटवर. मला आज जे सांगायचं आहे ते मुख्यतः हेच: लोक महिनोन्‌महिने दुर्बीण शोधतात आणि माउंट शेवटी, जे मिळेल ते घेतात. उलट व्हायला हवं.

शंकेखोर: का? शेवटी माउंट म्हणजे पोलादाची पट्टी आणि दोन कडी. नवी चांगल्या मशिनवर कापलेली पट्टी जुन्या पट्टीपेक्षा सरळच असणार.

हौशी: पट्टी सरळ असेल, पण ती जिथे बसते तिथली भोकं सरळ असतीलच असं नाही. आणि त्या काळच्या दुर्बिणींचा एक गुण, किंवा दोष म्हणा, इथे आडवा येतो. आजच्या दुर्बिणीत तुम्ही वरचा किंवा बाजूचा स्क्रू कितीही फिरवा, आतली फुली चित्राच्या मधोमधच दिसते. वीव्हर 330 मध्ये तसं नाही. स्क्रू फिरवला की फुलीच सरकते, आणि ती सरकलेली तुम्हाला दिसते. माउंट एका बाजूला किंचित वळलेलं असेल तर ते भरून काढायला तुम्ही स्क्रू फिरवत जाता आणि फुली गोल चित्राच्या कडेला जाऊन बसते. डोळा मधोमध पाहू बघतो आणि नेम कोपऱ्यात असतो. आकड्यांत सांगायचं तर दोन रिंगांमध्ये साधारण बारा सेंटिमीटर अंतर धरा. मागची रिंग नुसती एक दशांश मिलिमीटर बाजूला असली, तरी 100 मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर बाजूला जाते. 300 यार्डांवर पाव मीटरच्या आसपास. एवढी चूक भोक पाडताना सहज होते.

रेडफील्ड ज्युनियरमध्ये याचं उत्तर आहे, आणि त्या माउंटवर माझा जीव का आहे ते यावरून कळेल. पुढची रिंग माउंटच्या बैठकीच्या खाचेत आडवी घालून पाव फेरा फिरवली की गच्च बसते. मागची रिंग मात्र दोन बाजूंनी दोन स्क्रूंच्या चिमटीत उभी असते. डावा सैल केला, उजवा आवळला, की दुर्बिणीचं शेपूट तेवढं सरकतं. म्हणजे डावी-उजवी दिशा आधी माउंटनेच साधायची, फुली मधोमध ठेवून, आणि दुर्बिणीच्या आतल्या स्क्रूला फक्त शेवटचं केसभर काम द्यायचं. वर-खाली साधायला माउंटमध्ये अशी सोय नाही. तिथे बैठकीखाली पातळ पत्र्याची कपची घालावी लागते. हे सगळं नीट केलं तर सत्तर-ऐंशी वर्षांची वीव्हरसुद्धा झिरो धरते. नाही केलं तर लोक दुर्बिणीला शिव्या देतात आणि विकून टाकतात.

अजून एक. पुढची रिंग पाव फेरा फिरवताना कित्येक जण दुर्बीणच तरफेसारखी धरून फिरवतात. पाऊण इंची नळी पातळ असते, ती वाकते. त्याच जाडीचा दांडा रिंगेत घालून फिरवायची, रिंग बसली की दांडा काढायचा, मग वरची कडी उघडून दुर्बीण ठेवायची. जुनी दुर्बीण विकत घेताना रिंगेच्या जागी नळीला चिमटा बसलेला, चपटलेली कड दिसली की समजावं, कुणीतरी हेच केलंय. ती घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

शंकेखोर: हे तुम्ही इतक्या जिव्हाळ्याने सांगता की मलाही रस वाटायला लागला. पण तुमच्या बोलण्यात एक शब्द पटकन येऊन गेला, 'भोक'. भोकं कुणाच्या अंगात पाडणार? 03-ए3 च्या रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागावर, दुर्बिणीची भोकं नसतातच. ती मागच्या साइटवर चालणारी, सैनिकाच्या खांद्यावरची साधी रायफल. आज एखादी 03-ए3 जशी कारखान्यातून निघाली तशीच उरली असेल, तर ती स्वतःच अस्सल आहे. तिच्यात ड्रिल घालून, आटे काढून तुम्ही एका खऱ्या रायफलीचा बळी देता आणि एका न झालेल्या रायफलीचं सोंग उभं करता. दुर्बीण काढता येते. भोक भरून निघत नाही. मला विचाराल तर वापराची नक्कल, तारखेची नक्कल, हे सगळं या एका गोष्टीपुढे फिकं आहे.

हौशी: इथे मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. न छेडलेली 03-ए3 घेऊन तिची ए4 करणं मला मान्य नाही. पण दुसरीकडे एक मोठी फौज अशी आहे जिचं आधीच नुकसान झालंय. युद्धानंतर या रायफली सामान्य माणसाला स्वस्तात मिळाल्या. लोकांनी त्यांचं लष्करी लाकूड कापलं, रिसीव्हरला भोकं पाडून दुर्बिणी लावल्या आणि त्या शिकारीला नेल्या. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तशी एखादी रायफल आज पाहिली, भोकं आधीच आहेत, मूळचं लाकूड कधीच गेलंय, तर तिला पुन्हा लष्करी रूपाकडे नेणं हे मला वाचवणं वाटतं. फक्त दोन गोष्टी पाहाव्या लागतात. ए4 फक्त रेमिंग्टनने बनवल्या, तेव्हा स्मिथ-कोरोनाच्या 03-ए3 वर ही नक्कल उभी करू नये. आणि कुणी 03-ए3 सोडून जुन्या 1903 कडे वळत असेल तर नंबर नीट वाचावा. स्प्रिंगफील्डच्या आठ लाखांखालच्या आणि रॉक आयलंडच्या 2,85,507 खालच्या रिसीव्हरांना तापवण्याच्या पद्धतीत खोट होती, काही फुटलेत. अशा रिसीव्हरवर गोळी झाडू नये. त्या भिंतीवर टांगाव्यात.

शंकेखोर: पण आधीच कुणीतरी पाडलेली भोकं म्हणजे घाईत, घरच्या ड्रिलने पाडलेली भोकं. तुम्हीच म्हणालात, दशांश मिलिमीटरने आठ सेंटिमीटर. म्हणजे नीतीच्या दृष्टीने जी रायफल योग्य, तीच कामाच्या दृष्टीने बहुतेकदा अयोग्य.

हौशी: अगदी खरं. आणि यातून सुटका नाही, निदान सोपी नाही. वाकडी भोकं वेल्डने बुजवून नवी पाडणारे कारागीर आहेत. पण रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला, जिथे स्फोटाचा दाब झेलला जातो, तिथे उष्णता लावणं मला नको वाटतं. मी म्हणतो, अशी रायफल हाती आली तर आधी बैठक बसवून, बंदुकीच्या नळीतून आणि दुर्बिणीतून एकाच खुणेकडे पाहावं. मागच्या दोन स्क्रूंच्या आवाक्यात फरक मावत असेल तर पुढे जावं. मावत नसेल तर ती शिकारीची रायफल म्हणूनच राहू द्यावी. सगळ्याच रायफली ए4 व्हायला जन्मलेल्या नसतात.

शंकेखोर: मग आता वापराकडे येऊ, कारण तुमचा मुख्य आधार तोच आहे. 1944 च्या माणसाला ही दुर्बीण कशी होती? त्याने निवडली नव्हती. काचांवर आजच्यासारखा मुलामा नाही, त्यामुळे संध्याकाळी उजेड कमी. पॅसिफिकच्या दमट हवेत आतून धुकट. नेहमीच्या साइट नाहीतच, म्हणजे दुर्बीण गेली की रायफल गेली. बैठक थेट मॅगझिनवर, त्यामुळे पाच काडतुसांची क्लिप वरून दाबून भरता येत नाही, एकेक काडतूस बोटाने आत सारायचं. ही सगळी त्याची अडचण होती, जिवावरची अडचण. तुम्ही सुट्टीच्या दिवशी, उन्हात, कानाला मफ लावून, चहाचा थर्मास बाजूला ठेवून तीच अडचण मुद्दाम घेता. त्याच्या धोक्याशिवाय त्याची गैरसोय घेतली तर काय समजतं? मला तर वाटतं, थोडं चुकीचंच समजतं. त्याला हा त्रास होता, तुम्हाला त्यात गोडी वाटते.

हौशी: हा तुमचा सगळ्यात जड आक्षेप आहे, आणि तो मी हलका करणार नाही. त्याची भीती मला कळत नाही, कळणारही नाही. पण काही गोष्टी पुस्तकात वाचून कळत नाहीत आणि हातात घेऊन कळतात, त्यांचं काय? मी वाचलं होतं की ए4 क्लिपने भरता येत नाही. काडतूस सारताना बैठकीच्या कडेला अंगठा घासला, तेव्हा अमेरिकी सैन्याच्याच एम1 गॅरंड रायफलीच्या स्नायपर आवृत्तीत दुर्बीण डाव्या अंगाला का सरकवली ते समजलं. गॅरंड वरूनच, आठ काडतुसांच्या क्लिपने भरतात, तिथे दुर्बीण मधोमध असूच शकत नाही. म्हणून त्या आवृत्तीवर, एम1सी वर, ग्रिफिन अँड हाऊचं बाजूचं माउंट आलं आणि गाल टेकायला चामड्याची गादी आली. म्हणजे एका रायफलीची अडचण दुसऱ्या रायफलीचं रूप ठरवत होती. ही साखळी मला नव्या दुर्बिणीने दिसली नसती. नवी दुर्बीण सगळं सोपं करते, आणि सोपं झालं की प्रश्नच पडत नाही.

शंकेखोर: थांबा. क्लिपची अडचण दुर्बिणीची नाही, माउंटची आहे. रेडफील्डच्याच नमुन्याच्या माउंटवर नवी दुर्बीण लावली तरी अंगठा तिथेच घासेल. म्हणजे तुमच्याच हिशेबाने माउंट जुन्या धर्तीचं हवं, दुर्बीण कुठलीही चालेल. अमेरिकेतली सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रामसारखी संस्थाही 2011 पासून जुन्या स्नायपर रायफलींची जी स्पर्धा घेते, दोघांचा संघ, एक नेम धरणारा आणि एक निरीक्षण करणारा, 300 आणि 600 यार्डांवर, तिथे जुन्या घडणीच्या नव्या दुर्बिणी चालतात. त्यांना हे मान्य आहे, मग तुम्हाला का नाही?

हौशी: स्पर्धेत ते चाललंच पाहिजे. नाहीतर ज्याच्या खिशात जास्त पैसे त्याच्याच हातात खेळ जाईल, आणि उरलेल्या थोड्या जुन्या दुर्बिणी धक्क्यांनी लवकर संपतील. या रायफलीच्या .30-06 काडतुसाचा हिसका काही कमी नसतो. नव्या दुर्बिणीमुळे जुन्या वाचतात, हा तिचा खरा उपकार आहे. तरुण माणूस विचारायला आला तर मी त्याला आधी नवीच घ्यायला सांगतो. पण फुली सरकण्याचा प्रकार माउंटचा नाही, तो दुर्बिणीचाच आहे. आणि ए4 च्या माणसाचं निम्मं कौशल्य त्यातच होतं: माउंट इतकं नेमकं जुळवायचं की फुलीला हात लावायची वेळच येऊ नये. नव्या दुर्बिणीत फुली मधोमध राहते, म्हणून तो तरुण माउंट कसंही बसवतो आणि त्याचं काही अडत नाही. त्याच्या हाती 1943 चा आकार येतो, 1943 चं काम येत नाही. चांगली जुनी वीव्हर अजून मिळते. आकाशाकडे धरून पाहा, काच कडेने पिवळी पडली असेल किंवा दोन भिंगांमधला डिंक सुटून इंद्रधनुषी डाग दिसत असेल तर ठेवून द्या. बारीक चरे, पुसट निळा रंग, यांनी काही बिघडत नाही.

शंकेखोर: ठीक. आता शेवटचा प्रश्न, आणि हाच मला खरा खुपतो. तुमची ती शिकाऱ्याची 330 आणि सैन्याची एम73बी1, यांच्यात फरक कसला? एका ठशाचा. किमतीत मात्र मोठा फरक. म्हणजे 330 घ्यायची, एम73बी1 असा ठसा मारायचा, आणि खिसा भरायचा. हे होतं, तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही तसं करणार नाही, मान्य. पण तुमच्यामागे ही रायफल ज्याच्या हाती जाईल त्याला तुम्ही सगळं जुळवून, पिकवून देताय. फक्त ठसा बाकी. माझी नवी दुर्बीण निदान तिच्या बनवणाऱ्याचं नाव अंगावर घेऊन येते. ती कधीच कुणाला फसवू शकत नाही.

हौशी: रायफलीपुरतं याचं उत्तर कारखान्यानेच देऊन ठेवलंय. अस्सल ए4 वरसुद्धा 03-ए3 असंच छापलेलं आहे, ए4 नाही. पण माउंटखाली झाकलं जाऊ नये म्हणून नाव डावीकडे आणि नंबर उजवीकडे सरकवून छापले. साध्या 03-ए3 वर तीच अक्षरं मधोमध आहेत. त्यामुळे तिच्यावर बैठक बसवली की अक्षरं खाली दबतात, अर्धवट डोकावतात. ज्याला पाहायचं आहे त्याला एका नजरेत कळतं की ही नंतर केलेली आहे. ती अक्षरं घासून नवी छापणारा माणूस चोर आहे, त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. पण जोवर त्यांना कुणी हात लावत नाही तोवर माझी रायफल आपली ओळख स्वतःच सांगते.

शंकेखोर: रायफल सांगते, दुर्बीण सांगत नाही. आणि तुम्हीच म्हणालात की सुरुवातीच्या काही ए4 वर कंपनीच्या साध्या छापाच्या दुर्बिणी गेल्या होत्या. म्हणजे बिनठशाची 330 हीसुद्धा खरोखर युद्धात गेलेली असू शकते. अशा एखाद्या दुर्बिणीवर उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही, कारण तुमच्यासारख्यांनी तशाच शेकडो रायफलींवर चढवलेल्या असतील. मला नुसती खोटं खरं ठरण्याची भीती नाही, खरं खोट्यात हरवण्याचीही आहे.

हौशी: ...हे मी असं कधी मांडून पाहिलं नव्हतं. नोंद ठेवावी म्हटलं तर कागद पहिल्याच विक्रीत रायफलीपासून सुटतो. इंग्रजांची रीत इथे कामाची आहे: नंबर लाकडावरच. माझ्या दुर्बिणीवर आणि रायफलीच्या दस्त्यावर एकच वर्ष ठोकून टाकावं, ज्या वर्षी मी ती जोडली ते. मग पुढे कुणी काहीही म्हणो, जोडी कधीची ते दिसेल.

शंकेखोर: पण ए4 च्या दस्त्यावर अशी खूण कधीच नव्हती. म्हणजे खरं सांगायला तुम्हाला नक्कल बिघडवावी लागेल.

हौशी: हो. बैठकीखाली कोरलं तर नक्कल शाबूत राहते, पण स्क्रू सोडल्याशिवाय ते कुणाला दिसणार नाही, आणि विकत घेणारा विकत घ्यायच्या आधी स्क्रू सोडत नाही. दस्त्यावर कोरलं तर सैन्याने कधीच न केलेली एक खूण तिच्यावर कायमची राहील. मला दुसरं जास्त टोचतं, तुम्हाला पहिलं. दुर्बीण आली आहे, माउंट आलं आहे, बैठक आठवडाभरात बसेल. हे एवढं अजून ठरत नाही.